आठवड्याला एक बोट

गाडीखाली डबकं साचलं असतं तर हा लेख झालाच नसता. डबकं साचतं ती सरळमार्गी गळती. मेकॅनिक खाली वाकतो, 'हे बघा' म्हणतो, आपण पैसे मोजतो आणि घरी येऊन जेवतो. माझ्या गाडीचं दुखणं आतल्या गाठीचं होतं. बोनेट उघडून पाहावं तर इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, म्हणजे कूलंटच्या, टाकीतली पातळी आठवड्याला एक बोट खाली, आणि गाडीखालची जमीन ठणठणीत कोरडी.

मी टाकीवर मार्करने रेघ मारली आणि शेजारी तारीख घातली. पुढच्या आठवड्यात दुसरी रेघ. मुलांची उंची मोजायला दाराच्या चौकटीवर रेघा मारतात ना, तशी ती टाकी दिसायला लागली. आमचं मूल मात्र दर आठवड्याला खुजं व्हायचं. मग मी वरून कूलंट ओतायचो आणि ते एका मिनिटात दणकन वाढायचं. एकदा तर संध्याकाळी घरी आल्या आल्या पाहिलं तर पातळी चक्क वर गेलेली. गळती आपोआप बुजल्याचं मी घरात जाहीर करून टाकलं. कूलंट तापलं की फुगतं आणि पातळी थंड इंजिनावरच बघायची असते, हे ज्ञान मला दुसऱ्या दिवशी सकाळी झालं.

"अहो, खाली सांडत नाही म्हणता, मग जातं कुठे? गाडी पिते की काय?" बायकोने विचारलं.

तिने गंमत केली होती, माझी मात्र झोप उडाली. गाडी खरंच पिऊ शकते. हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, गेलं की कूलंट सिलिंडरमध्ये शिरतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर होऊन निघून जातं, नाहीतर तेलात मिसळून तेलाची कॉफी करतं. त्या रात्री अकरा वाजता मी खाली जाऊन तेलाचं झाकण उघडलं, तेल बघायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, ओढून पाहिली, गाडी सुरू केली आणि मागे जाऊन धुरासमोर नाक नेऊन उभा राहिलो. शेजारच्या आप्पांनी खिडकी उघडली, माझ्याकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता लावून घेतली.

धूर पांढरा नव्हता, तेल स्वच्छ होतं. पुढे एका गॅरेजमध्ये ती निळ्या द्रवाची चाचणीही केली. रेडिएटरच्या तोंडावर नळी धरून आतली हवा त्या द्रवातून ओढतात. इंजिनातला जळका वायू कूलंटमध्ये आला असेल तर निळ्याचं पिवळं होतं. निळं निळंच राहिलं. म्हणजे गाडी निर्व्यसनी होती आणि कूलंट बाहेरच जात होतं. फक्त माझ्यासमोर जायला लाजत होतं.

मग मी गाडीखाली पुठ्ठा अंथरला. तिसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर ओला डाग! मी घरातल्या सगळ्यांना बोलावलं. मुलीने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, हे एसीचं पाणी आहे." होतं खरं. कूलंटला रंग असतो, बोटाला चिकटपणा जाणवतो, वास गोडसर येतो. (चवही गोड असते म्हणे. पण कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि सांडलेलं कूलंट चाटून कुत्री-मांजरं दगावतात, म्हणून संशोधन मी वासापर्यंतच ठेवलं.)

इथून गॅरेजवाऱ्या सुरू झाल्या. पहिल्याने रेडिएटरचं झाकण बदललं. आता झाकण ही दिसायला क्षुल्लक वस्तू, पण तिचं काम ऐकून मला तिच्याबद्दल आदर वाटायला लागला. अर्धं पाणी आणि अर्धं ग्लायकॉल असं मिश्रण साधारण १०७ अंश सेल्सियसला उकळतं. झाकणातली स्प्रिंग आत दाब धरून ठेवते, त्यामुळे तेच मिश्रण सव्वाशेच्या घरात जाईपर्यंत दम धरतं. झाकण सैल पडलं की दाब जातो आणि वाफही जाते. कारण इतकं पटण्यासारखं होतं की गळती थांबली नाही याचं मला त्या मेकॅनिकपेक्षा जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्याने वॉटर पंप बदलला. त्या पंपाला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, ते मुद्दाम गळण्यासाठीच ठेवलेलं असतं. आतलं सील खराब झालं की तिथून थेंब यावेत आणि मालकाला कळावं, अशी सोय. आमच्या पंपाच्या भोकाशी वाळलेला एक पुसटसा डाग होता. तेवढ्या पुराव्यावर त्याला फाशी झाली. पुढच्या रविवारी पातळी पाहिली. एक बोट खाली. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

तिसऱ्याने आधी इंजिनाला हात लावला, गरम म्हणून झटकला, झाकण हाताला सोसवेल इतकं निवेपर्यंत चहा प्यायला आणि मग हातपंपाने आत दाब भरला. काटा एक बारच्या थोडा वर गेला आणि तिथेच बसला. दहा मिनिटं आम्ही दोघं त्या काट्याकडे बघत होतो. काटा हलला नाही. "साहेब, गळत नाही हो," तो म्हणाला. मी रेघांची टाकी दाखवली. त्याने तारखा वाचल्या, मग माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात, तसं त्याला माझ्या बायकोशी बोलायचं असावं.

चिडून मी स्वतःच चमकणारा रंग आणि जांभळ्या उजेडाची बॅटरी आणली. रंग कूलंटमध्ये टाकायचा, चार दिवस गाडी चालवायची आणि अंधारात बॅटरी मारायची. जिथे हिरवं चमकेल तिथे गळती. मी टाकला तेव्हा त्यातला बराचसा टाकीबाहेर सांडला. चार दिवसांनी रात्री बॅटरी लावली तर आख्खं इंजिन दिवाळीसारखं उजळलं होतं. माझी बोटंही. पांढरा शर्टही लख्ख चमकत होता. पण तो कपडे धुण्याच्या पावडरीचा प्रताप, एवढं तरी मला माहीत होतं. आप्पांची खिडकी पुन्हा उघडली. या वेळी त्यांनी आजींनाही बोलावलं.

गळती बुजवणारी बाटली ओतून मोकळं व्हावं, असा मोह या टप्प्यावर झाला. पण ते औषध भोक ओळखून बुजवत नाही. हीटरच्या बारीक नळ्याही ते तितक्याच आपुलकीने बुजवू शकतं.

चौथे मेकॅनिक वयस्कर होते. त्यांनी बोनेट उघडलंच नाही. आधी विचारलं, "गाडी इथपर्यंत चालवत आणलीत?"

"मग काय, डोक्यावर?"

"तेच तर. ठेवून जा. सकाळी बघू."

गाडी रात्रभर परक्याच्या दारात ठेवायची नाही, हा माझा बाणा. आधीच्या तिन्ही ठिकाणी मी राखणदारासारखा उभा होतो. पण टाकीवर आता रेघ मारायला जागा उरली नव्हती. ठेवली.

सकाळी सहाला फोन. मी पोचलो तेव्हा त्यांनी थंडगार इंजिनात दाब भरला होता आणि काटा हळूहळू खाली उतरत होता. इतकं सुंदर दृश्य मी बऱ्याच महिन्यांत पाहिलं नव्हतं. त्यांनी इंजिनाच्या पाठीमागे, हाताला जेमतेम पोचेल अशा जागी दोन बोटं घातली आणि बाहेर काढली. टोकावर एक थेंब. हिरवा, चिकट, गोडसर. भेट झाली.

हीटरकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या, म्हणजे होजच्या, तोंडाशी तो पाझरत होता. इंजिन तापलं की रबर आणि धातू फुगतात, जोड घट्ट बसतो आणि थेंबही सुटत नाही. रात्री निवताना सगळं आक्रसतं आणि पाझर सुरू होतो. तो थेंब जमिनीपर्यंत पोचतच नव्हता. इंजिनाखालच्या प्लास्टिकच्या ढालीवर पडून तिथेच वाळत होता. ढाल खोलली तर आत तीन महिन्यांचं कूलंट पाकासारखं चिकटलेलं. म्हणजे मी दर वेळी आजारी गाडी डॉक्टरकडे न्यायचो आणि ती वाटेतच तापून ठणठणीत बरी व्हायची.

"इथे स्प्रिंगची क्लिप असते," ते म्हणाले. "रबर फुगलं-आक्रसलं की ती आपोआप सैल-घट्ट होते. कुणीतरी स्क्रूची पट्टी बसवलीय. हे कुणाचं काम?"

"आधीच्या मालकाचं," मी म्हणालो.

गाडी मी नवी घेतली होती. दोन वर्षांपूर्वी तो होज मीच बदलला होता, आणि स्प्रिंगची क्लिप तकलादू वाटली म्हणून चांगली मजबूत पट्टी पिळून बसवली होती.

त्यांनी पाइपाचं गंजलेलं तोंड पॉलिश पेपरने घासलं, नवा होज चढवला, स्प्रिंगची क्लिप लावली, कूलंट भरलं आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून आतली हवा बाहेर काढली. हवा काढायला लागला त्याच्या निम्मा वेळसुद्धा दुरुस्तीला लागला नव्हता.

पुठ्ठा मात्र मी उचलला नाही. पुढच्या आठवड्यात एका सकाळी त्यावर पुन्हा ओला डाग दिसला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. गुडघ्यावर बसलो, बोट बुडवलं, नाकाशी नेलं. रंग नाही, वास नाही, चिकटपणा नाही.

वर आप्पांची खिडकी उघडली.

"एसीचं आहे!" मी ओरडून सांगितलं.