प्राणी कमी झाले तर माणसाचे काय बिघडते? फिरत्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

वन्यजीवांच्या घटीची बातमी म्हणजे निव्वळ बाऊ आहे, असे सांगणारा एक लांबलचक संदेश सध्या हातोहात पुढे पाठवला जात आहे. त्यातील म्हणणे थोडक्यात असे. जगातील ७३ टक्के प्राणी नष्ट झाल्याचा आकडा खोटा आहे. प्रजाती येतात आणि जातात. डायनोसॉर गेले तेव्हाही जग थांबले नाही. खरोखर एवढी घट झाली असती, तर तुम्हाआम्हाला ती जाणवली असती. प्राणी जे काम करत, ते आज यंत्रे करू शकतात. वाघ वाढले, यावरून निसर्ग आपला आपण सावरतो हे सिद्ध होते. आणि वन्यजीव वाचवण्याची भाषा ही पोट भरलेल्यांची चैन असून तिचा भार शेतकऱ्याच्या डोक्यावर बसतो.

यांतील एकही मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही, कारण दोन मुद्द्यांत तथ्याचा अंश आहे आणि उरलेले मुद्दे प्रामाणिक माणसालाही पटावेत असे आहेत. उत्तर देताना मात्र मी जगभर भटकण्याऐवजी बहुतांशी एकाच पक्ष्याजवळ थांबणार आहे. तो पक्षी म्हणजे गिधाड. घट किती झाली, कशाने झाली, माणसाला तिची किंमत काय पडली आणि उपाय काय निघाला, या चारही प्रश्नांची उत्तरे इतक्या स्पष्ट पुराव्यांसह मिळावीत, अशी उदाहरणे फार थोडी आहेत, आणि हे उदाहरण आपल्याच गावांच्या वेशीवर घडलेले आहे.

'७३ टक्क्यांचा आकडा खोटा आहे'

आकडा खोटा नाही. त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो, आणि ही चूक निसर्गप्रेमी मंडळीही करतात. डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंस्थेच्या २०२४ च्या 'लिव्हिंग प्लॅनेट' अहवालात पाठीचा कणा असलेल्या ५,४९५ प्रजातींच्या सुमारे ३५ हजार ठिकठिकाणच्या प्राणीगटांच्या संख्यांचा मागोवा घेतलेला आहे. १९७० ते २०२० या काळात या संख्यांमध्ये सरासरी ७३ टक्के घट झाली, एवढेच तो अहवाल सांगतो. जगातील शंभर प्राण्यांपैकी ७३ मेले, असा त्याचा अर्थ होत नाही. समजण्यापुरते साधे गणित करू. एका तालुक्यात १०० पक्षी होते, तेथे १० उरले. शेजारच्या तालुक्यात १,००० होते, तेथे ९०० उरले. पहिल्या ठिकाणची घट ९० टक्के, दुसऱ्या ठिकाणची १० टक्के आणि दोहोंची साधी सरासरी ५० टक्के. पण प्रत्यक्षात एकूण पक्षी साधारण १७ टक्क्यांनीच घटले. अहवालातील निर्देशांक, म्हणजे हा सरासरीचा आकडा, काढण्याची खरी रीत याहून किचकट आहे. तरी सरासरी घट आणि एकूण घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात यावे.

शास्त्रज्ञांनीही या निर्देशांकावर आक्षेप घेतलेले आहेत. अतितीव्र घट झालेल्या थोड्याच संख्या सरासरीला खाली खेचतात, त्या बाजूला काढल्या तर चित्र पुष्कळ सौम्य दिसते, हा त्यांतील महत्त्वाचा आक्षेप आहे आणि संख्याशास्त्राच्या दृष्टीने तो विचारात घेण्याजोगा आहे. परंतु भारतातील गिधाडे ही नेमकी अशीच अतितीव्र घट झालेली संख्या आहे. सरासरीतून गिधाड वगळणे सोपे आहे. गावाबाहेर पडलेले मेलेले जनावर तसे वगळता येत नाही. नुकसान सरासरीने होत नसते. ते त्या त्या ठिकाणी, त्या त्या प्राण्याच्या अभावाने होते.

'प्रजाती नेहमीच नष्ट होत आल्या आहेत'

होय, आल्या आहेत. पण त्यांच्या नष्ट होण्याचा आजचा वेग गेल्या एक कोटी वर्षांच्या सरासरीपेक्षा किमान दहापट ते शेकडोपट अधिक आहे, असे जैवविविधतेवरील आंतरशासकीय मंचाने २०१९ च्या अहवालात म्हटले आहे. डायनोसॉरांचा दाखला तर संदेशाच्याच विरुद्ध जातो. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या आपत्तीनंतर जीवसृष्टी पुन्हा बहरली हे खरे, पण त्याला लक्षावधी वर्षे लागली. तेवढी सवड कोणत्याही मनुष्यसमाजाजवळ नाही.

शिवाय या मुद्द्यात एक चूक दडलेली आहे. प्रजाती नष्ट होईपर्यंत काही बिघडत नाही, असे तो गृहीत धरतो. गिधाड आजही नष्ट झालेले नाही. रायगड जिल्ह्यात म्हसळा परिसरात ते दिसते, मध्य भारतातही दिसते. प्रजाती यादीत शिल्लक आहे. पण मेलेले जनावर संपवायला लागतात थवे, आणि ते थवे गेले.

'घट झाली असती तर जाणवली असती'

संदेशातील हा सर्वांत परिणामकारक मुद्दा आहे, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

१९८० च्या दशकापर्यंत भारतात गिधाडे कोट्यवधींच्या संख्येने होती. पांढऱ्या पाठीचे गिधाड तर जगातील सर्वाधिक संख्येने आढळणाऱ्या मोठ्या शिकारी पक्ष्यांत गणले जाई. आज साठीच्या पुढे असलेल्या कोणत्याही खेडेगावच्या माणसाला विचारावे; मेलेले बैल किंवा म्हैस ओढून टाकण्याची गावाबाहेरची जागा आणि तासाभरात तेथे केवळ हाडे उरल्याचे दृश्य त्याला आठवेल. १९९० च्या दशकात राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांच्या लक्षात आले, की घरटी रिकामी पडत आहेत आणि पक्षी माना खाली टाकून झाडांवर बसून राहत आहेत. पुढील गणनांतून जे दिसले ते भयंकर होते. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक या प्रमाणात उरली, आणि लांब चोचीच्या व निमुळत्या चोचीच्या गिधाडांची संख्या मिळून जवळपास ९७ टक्क्यांनी घटली.

कारण २००४ मध्ये उघड झाले. पाकिस्तानातील मृत गिधाडांची तपासणी करणाऱ्या लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्या पक्ष्यांच्या शरीरात डायक्लोफेनॅक सापडले. माणसांसाठीचे हे वेदनाशामक स्वस्त झाल्यावर गुरांच्या सुजेवर आणि लंगडण्यावर सर्रास टोचले जाऊ लागले होते. औषध दिल्यानंतर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते आणि काही दिवसांत ते मरते. एका जनावरावर मोठा थवा जेवतो, त्यामुळे विषारी जनावरांचे प्रमाण शंभरात एकाहून कमी असले तरी एवढा संहार घडू शकतो, असे गणितानेही दाखवून दिले.

मग माणसाला काय जाणवले? जनावरे मरतच राहिली, पण त्यांना संपवणारे उरले नाहीत. ते मांस भटक्या कुत्र्यांना आणि उंदरांना मिळाले, उरलेले ओढ्यानाल्यांच्या काठी सडत राहिले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असा अंदाज मांडला, की गिधाडांअभावी कुत्र्यांची संख्या किमान ५५ लाखांनी वाढली आणि १९९२ ते २००६ या काळात रेबीजने ४७ हजारांहून अधिक जास्तीचे मृत्यू झाले. त्यानंतर एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी अधिक व्यापक प्रश्न हाती घेतला. ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडांचा अधिवास होता आणि ज्या जिल्ह्यांत तो नव्हताच, त्यांतील मृत्युदरांची त्यांनी डायक्लोफेनॅक येण्यापूर्वी आणि नंतर अशी तुलना केली. गिधाडे गेलेल्या जिल्ह्यांत मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला होता. २००० ते २००५ या काळात त्यामुळे सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू झाले, असा त्यांचा निष्कर्ष २०२४ मध्ये अमेरिकेतील अर्थशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या जीवितहानीचे मोल पैशात मांडले, तर ते वर्षाला ६९ अब्ज डॉलरच्या घरात जाते.

हे अंदाज आहेत, प्रत्यक्ष मोजलेली प्रेते नव्हेत, हे मी मुद्दाम नोंदवतो. पण 'जाणवले नाही' या म्हणण्याचे उत्तरही त्यातच आहे. कोणाच्याही मृत्यूच्या दाखल्यावर 'गिधाड नसल्यामुळे' असे कारण लिहिले जात नाही. तेथे ताप, जुलाब किंवा कुत्र्याचा चावा लिहिला जातो. ज्या घरातील मूल गेले, त्या घराला आघात पुरेपूर जाणवला. त्यामागचे कारण दूर कुठे तरी रिकाम्या पडलेल्या घरट्यात होते, एवढेच त्यांना ठाऊक नव्हते. हे लिहिताना मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

'प्राण्यांचे काम यंत्रे करतील'

काही ठिकाणी करतील, पण त्याचे पैसे कोण भरणार, हा प्रश्न संदेशात नाही. मृत जनावरांवर प्रक्रिया करणारे कारखाने उभारता येतात. त्यांना जागा, वीज, वाहतूक आणि माणसे लागतात. गिधाडे हे काम फुकट करत होती आणि त्यांच्या जठरातील तीव्र आम्लात बहुतेक रोगजंतूही मरत होते. मुंबईत मलबार हिलवरील डुंगरवाडीत, मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करण्याची प्रथा असलेल्या पारशी समाजाला आपल्या अंत्यविधीसाठी सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवावी लागली, आणि पावसाळ्यात ढग दाटले की ती नीट काम देत नाहीत. पैसा आणि इच्छा असलेल्या समाजाची ही स्थिती आहे.

अमेरिकेतही वेगळे घडले नाही. न्यूयॉर्क राज्यात २००६ साली प्रथम आढळलेल्या बुरशीजन्य रोगाने तेथील वटवाघळे मोठ्या प्रमाणावर मेली. फ्रँक यांच्याच दुसऱ्या अभ्यासानुसार, ज्या परगण्यांत हा रोग पोहोचला तेथे कीटकनाशकांचा वापर सरासरी ३१ टक्क्यांनी वाढला आणि अपघात वगळता अन्य कारणांनी होणारे बालमृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी वाढले. कीड खाणारा प्राणी गेला, त्याच्या जागी फवारणी आली आणि तिची झळ घरापर्यंत पोहोचली.

महाराष्ट्रातील कांदा बियाण्याचे उत्पादक ही गोष्ट आकडे न वाचताही सांगतील. कांद्याच्या फुलांवर मधमाशी फिरली नाही, तर बी भरत नाही. बांधावरच्या मधमाशा होत्या तोवर या कामाची मजुरी कोणी मागत नव्हते. आज अनेक शेतकरी मधपेट्या भाड्याने आणतात.

'वाघ वाढले, निसर्ग आपोआप सावरतो'

वाघ वाढले, हे आनंदाने मान्य. २००६ च्या गणनेत देशात १,४११ वाघ होते; २०२२ चा अंदाज ३,६८२ आहे आणि त्यांतील ४४४ महाराष्ट्रात आहेत. पण यात आपोआप घडलेले काय आहे? व्याघ्र प्रकल्प, वनरक्षकांची गस्त, शिकारबंदी, आणि जंगलातून उठून गेलेली गावे, ज्यांचा त्याग आपण पुरेसा आठवत नाही, या सर्वांचे ते फळ आहे. आणि जेथे असे प्रयत्न अपुरे पडले, तेथे काय झाले ते सोलापूरजवळ नान्नजला पाहावे. माळढोकांसाठी राखलेल्या त्या माळरानावर माळढोक आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे. २०२३ च्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीविषयक अहवालात ज्या ३३८ प्रजातींचा दीर्घकालीन कल ठरवता आला, त्यांपैकी ६० टक्के प्रजाती घटलेल्या आढळल्या. एका वाघाच्या आकड्याने हे सारे झाकले जात नाही.

गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू स्वतः वीण घालण्याजोगे व्हायला सुमारे पाच वर्षे लागतात. पंधरा वर्षांत जे गेले, ते भरून यायला कित्येक दशके लागतील, तीही विष थांबले तरच.

'ही पोट भरलेल्यांची चैन आहे'

शेतकऱ्याची एक तक्रार अगदी खरी आहे. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) एका रात्रीत उभे पीक झोपवतात. जुन्नरच्या उसात बिबट्याच्या भीतीने माणसे अंधार पडण्यापूर्वी घरी परततात. आणि भरपाई वेळेवर मिळत नाही. संरक्षणाचा खर्च शहराने मागायचा आणि खेड्याने सोसायचा, हा अन्याय आहे, आणि तो दूर करा असे संदेशात म्हटले असते तर मी त्याखाली सही केली असती.

पण त्यावरून 'वन्यजीव वाचवणे गरिबाच्या विरुद्ध आहे' असा निष्कर्ष निघत नाही. गिधाडे गेल्यावर चावा कोणाला बसला? पायी शाळेत जाणाऱ्या मुलांना, पहाटे झाडू घेऊन निघणाऱ्या कामगाराला, जेथील आरोग्य केंद्रात रेबीजची लस वेळेवर मिळत नाही अशा गावाला. बंद वाहनातून फिरणाऱ्याला नव्हे.

आणि गिधाड वाचवण्यासाठी शेतकऱ्याला काय सोडावे लागले? गुरांवरील उपचार सोडावे लागले नाहीत. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक गुरांवर चालते आणि गिधाडांना बाधत नाही, हे २००६ मध्येच प्रयोगांनी सिद्ध झाले होते. त्याच वर्षी भारताने गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. पळवाट उरली ती माणसांसाठीच्या मोठ्या कुप्यांची, ज्या गुरांना टोचल्या जात. २०१५ मध्ये त्या कुपीचा आकार ३ मिलिलिटरवर आणला गेला. केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक या गिधाडांना बाधणाऱ्या इतर वेदनाशामकांच्या गुरांसाठीच्या वापरावर बंदी यायला २०२३ उजाडले आणि निमेसुलाइडला त्याहीनंतर वेळ लागला. नेपाळने हीच बंदी घालून गिधाडांसाठी निर्धोक क्षेत्रे आखली, स्थानिक गावकऱ्यांना त्यांत सामील करून घेतले, आणि तेथे पांढऱ्या पाठीची गिधाडे पुन्हा वाढू लागल्याची नोंद आहे. म्हैस लंगडत असेल, तर जनावरांच्या डॉक्टरांना 'मेलॉक्सिकॅम चालेल का?' एवढे विचारायचे आहे.