तिकीटराव आणि आमची डेन्मार्कची बाय

डेन्मार्कमधल्या सरकारी मालकीच्या टपाल कंपनीने ३० डिसेंबर २०२५ रोजी शेवटचं पत्र वाटलं. १६२४ पासूनची सेवा बंद झाली, रस्त्यावरच्या लाल पेट्याही काढल्या. ही बातमी वाचली आणि कित्येक वर्षांनी बायला मेसेज केला.

बाय म्हणजे एक्स्चेंजवर येऊन गोव्यात फोंड्याला आमच्या घरी शाळेचं अख्खं वर्ष राहिलेली मुलगी. हे नाव आईने ठेवलेलं. चवथीला नेवऱ्या मुरडायला बसायची, गणपतीवर टांगलेल्या माटोळीतली फळं ओळखायची. पण तिचा खरा जीव जडला आजोबांच्या तिकिटांच्या डब्यावर. १९६१ पूर्वीची, पोर्तुगीज इंडियाची, टांगा आणि रेईस किमतीची तिकिटं. त्यांच्याशेजारी तिने तिच्या देशाची लाटांच्या रेघांची तिकिटं मांडली. तो नमुना तिथे १९०५ पासून चालत आलेला. तिला मराठी शिकवता शिकवता आम्ही दोघींनी हे रचलं:

तिकीटराव, तिकीटराव,
कुठं निघालात, सांगा गाव!
पाठीला डिंक, कडेला दात,
कोपऱ्यात बसलात थाटामाटात!
तोंडावर शिक्का बसला धाडकन,
विमानात चढलात तरी ताडकन!
ना व्हिसा, ना पासपोर्ट, ना सामान,
एवढ्याशा देहाला केवढा मान!

मेसेजला त्याच रात्री उत्तर आलं, मराठीत:

तिकीटराव, लाल पेटी गेली,
तुमची झोपायची खोली कुणी नेली?

वाचून मला रडू आलं. इतक्या वर्षांत तिने मराठी जपली होती.

तिथे २००० पासून पत्रं नव्वद टक्क्यांहून जास्त घटली, हे खरं. पण २०२४ च्या नव्या कायद्याने टपालावर करही बसला आणि साधं पत्र २९ क्रोनरला गेलं. एवढं महाग केल्यावर लोक लिहीत नाहीत म्हणायचं, हे मला पटत नाही. आता एक खासगी कंपनी पत्रं पोचवते; बाय पाकीट दुकानात नेऊन देते. सोय आहे. पण १८४० मध्ये इंग्लंडात पहिलं तिकीट निघालं त्यामागचा विचार मोठा होता: पैसे पाठवणाऱ्याने आधीच भरायचे आणि देशात पत्र जवळ जावो की लांब, दर एकच. गरिबाचं पत्रही त्याच पिशवीतून जाणार. टपाल नुसत्या नफ्याच्या हिशोबात बसवलं की हा विचारच मरतो.

आपल्याकडे सत्तरी-काणकोणच्या वाड्यांवर अजून पोस्टमन येतो, नुसत्या वाड्याच्या नावावरून घर शोधतो. ही सेवा आकडे दाखवून कुणी आखडायला निघालं, तर आपण गोंयकारांनी ठाम विरोध केला पाहिजे. आणि विरोधाला बळ हवं तर आधी पत्रं टाकली पाहिजेत.

मी सुरुवात केली आहे. बायला पाकीट पाठवलं, ते पोचलं. यंदा ती चवथीला येते आहे. तोवर दर पत्रात दोन ओळी तिने जोडायच्या, दोन मी, असं ठरलंय. तिकीटराव सध्या मुंबईच्या विमानतळापर्यंत आलेत आणि खिडकीची जागा मागतायत.