अभय कोणाला आणि कोणापासून? झीलँडियाविषयीच्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन या शहराला लागून असलेल्या झीलँडिया अभयारण्याच्या भेटीविषयी मी लिहिलेला लेख आपण बारकाईने वाचलात, याचे समाधान वाटले. आपले आक्षेप तीन आहेत. कुंपण घालून, तिकीट लावून दाखवलेली जागा हे अभयारण्य नसून मोठा पिंजरा आहे. काही प्राणी जगावेत म्हणून इतरांना विष घालणे याला प्राणिप्रेम म्हणता येत नाही. आणि अशा जागेला मी ‘आदिम अरण्य’ म्हटले, ही अतिशयोक्ती आहे. तिसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. ज्या खोऱ्यात १९०८ साली बांधलेले धरण उभे आहे, ज्यातले मूळ जंगल १९ व्या शतकात कुरणांसाठी जाळले गेले आणि ज्यात आजही बाहेरून आणलेले पाइन दिसतात, त्याला आदिम म्हणणे ही माझी भाषिक हौस होती.

पहिल्या आक्षेपाचे मूळ मात्र ‘अभयारण्य’ या शब्दात आहे असे मला वाटते. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की अभय शिकाऱ्यापासून, म्हणजे माणसापासून, असे आपण गृहीत धरतो. न्यूझीलंडची गोष्ट निराळी आहे. सुमारे आठ कोटी वर्षे इतर भूभागांपासून तुटलेल्या या बेटांवर वटवाघळे सोडली तर जमिनीवर राहणारा एकही मूळचा सस्तन प्राणी नव्हता. त्यामुळे तिथले कित्येक पक्षी जमिनीवर घरटी करू लागले, काही उडणेच विसरले, आणि धोका जाणवला की पळण्याऐवजी निश्चल उभे राहणे हा त्यांचा बचाव ठरला. आकाशातून पाहणाऱ्या शिकारी पक्ष्यासमोर तो चालतो, पण वास घेत येणाऱ्या उंदरासमोर, मांजरासमोर किंवा स्टोटसमोर त्याचा काही उपयोग होत नाही. स्टोट हा अंगाने मुंगसासारखा लांबट आणि तितकाच चपळ प्राणी. सशांचा उपद्रव आवरण्यासाठी १८८० च्या दशकात तो तिथे मुद्दाम आणून सोडला गेला, आणि पक्षितज्ज्ञांनी त्याच वेळी केलेला विरोध कोणी ऐकला नाही.

१९९९ साली पूर्ण झालेले ते ८.६ किलोमीटरचे कुंपण या प्राण्यांना बाहेर ठेवण्यासाठी आहे. उंची २.२ मीटर, जाळी बारीक, वर चढणाऱ्याला अडवणारी गोल पन्हळ आणि खाली बीळ खणणाऱ्यासाठी जमिनीत पसरलेली जाळी. वर छत नाही. २००२ पासून इथे सोडलेले काका हे पोपट कुंपण ओलांडून शहरभर फिरतात, बागांतल्या झाडांच्या साली सोलतात आणि काही रहिवाशांच्या शिव्याही खातात. (कौतुकाने त्यांना दाणे घालणारे त्याहून अधिक नुकसान करतात, कारण त्या खाण्याने पिल्लांची हाडे ठिसूळ होतात.) न उडणारा कीवी पक्षी आणि सरड्यासारखा दिसणारा तुआतारा यांना मात्र बाहेर जाता येत नाही, आणि तेवढ्यापुरता आपला पिंजऱ्याचा आरोप खरा आहे. परंतु २२५ हेक्टरांच्या या पिंजऱ्यात सोडलेल्या तुआताराचे पिल्लू २००९ साली सापडले, तेव्हा मुख्य बेटांवर नैसर्गिकरीत्या जन्मलेले पिल्लू दिसण्याची सुमारे दोनशे वर्षांतली ती पहिली वेळ होती. एरवी हा प्राणी दूरच्या लहान बेटांवरच उरला होता.

दुसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे तितके सरळ उत्तर नाही. कुंपण पूर्ण झाल्यावर आतले मोठे उंदीर, पोसम (पोटाच्या पिशवीत पिल्ले वाढवणारा झाडावरचा प्राणी) आणि स्टोट सापळे व विष वापरून संपवण्यात आले, आणि विषाने येणारे मरण सुखाचे नसते. मारलेल्या प्राण्यांचा त्यात दोष नव्हता. त्यांना माणसाने आणले होते. पण काहीच न करणे हाही निर्णयच असतो. जिथे शिकारी प्राण्यांवर नियंत्रण नाही, तिथे कीवीच्या शंभर पिल्लांपैकी साधारण पाचच मोठी होतात. ती पंचाण्णव पिल्ले आपल्या नजरेआड मरतात, म्हणून त्यांचा हिशेब मांडला जात नाही, एवढाच फरक. सर्वांत लहान घरगुती उंदीर अजूनही आत आहेत, कारण इतक्या बारीक जीवाला कायमचे रोखणे कुंपणाला साधलेले नाही. माझ्या लेखात मी हे सांगायला हवे होते.

प्रवेशद्वारी पिशव्या तपासण्याच्या ज्या प्रथेची आपण थट्टा केली आहे, तिचे कारणही हेच. पर्यटकाच्या सामानातून गेलेली उंदराची एक गाभण मादीसुद्धा अनेक वर्षांचे काम धुळीस मिळवू शकते. माझीही पिशवी उघडून पाहिली गेली, आणि आत डब्याखेरीज काही निघाले नाही तरी मला त्यात अपमान वाटला नाही.

‘आदिम अरण्य’ हे शब्द मी मूळ लेखातून आज काढले आहेत आणि त्या जागी ‘पुन्हा वाढू दिलेले जंगल’ असे लिहिले आहे.