बटरमिअरची मेरी: ती फाशी दुसऱ्या लग्नासाठी नव्हती

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधली एक गोष्ट समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरते. बटरमिअर तलावाकाठच्या खानावळवाल्याची पंधरा वर्षांची मुलगी मेरी. एका तोतया कर्नलनं तिला फसवून तिच्याशी लग्न केलं. पहिली बायको असताना दुसरी केली म्हणून त्याला फाशी झाली. मेरी झुरून मेली, आणि त्या दोघांच्या मुलाचा वंश आजही चालू आहे. यातलं लग्न, तोतयेगिरी आणि फाशी एवढंच खरं आहे. बाकीचं खोडून काढायला हवं, कारण लोक त्यावर वंशावळी रचतात.

आधी जागा. मेरीचे वडील जोसेफ रॉबिन्सन यांची ‘फिश इन’ अगदी पाण्याला लागून नव्हती. बटरमिअर आणि क्रमॉक वॉटर या दोन तलावांमधल्या सपाट पट्टीवर गाव आहे, तिथेच ही खानावळ होती.

‘पंधरा वर्षांची मुलगी’ हे दोन सालांची गल्लत करून आलेलं आहे. जोसेफ बडवर्थ हा प्रवासी 1792 मध्ये तिथे उतरला. खानावळीतली ही मुलगी सुमारे पंधरा वर्षांची असल्याचं त्यानं आपल्या प्रवासवर्णनात लिहिलं आणि तिची कीर्ती पसरली. लग्न झालं त्यानंतर दहा वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1802 रोजी, लॉर्टन गावच्या चर्चमध्ये. मेरी फेब्रुवारी 1837 मध्ये वारली आणि तिच्या थडग्याच्या दगडावर वय 58 कोरलं आहे. म्हणजे जन्म 1778 चा किंवा फार तर 1779 च्या सुरुवातीचा, आणि लग्नाच्या वेळी वय 23-24. ती फसवली गेली हे खरंच, पण ती अजाण पोर नव्हती.

आता फाशीचं कारण. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. जॉन हॅटफील्ड स्वतःला कर्नल अलेक्झांडर ऑगस्टस होप म्हणवत होता. खरे होप हे खासदार, हॉपटनच्या अर्लचे भाऊ, आणि त्या वेळी परदेशात होते. ऑगस्ट 1803 मध्ये कार्लाइलला हॅटफील्डवर खटला चालला तेव्हा आरोप तीन होते. पहिला, लिव्हरपूलच्या जॉन क्रम्प यांच्यावर होप यांच्या नावानं 20 पौंडांची हुंडी काढल्याचा. ती केसिकचे खानावळवाले जॉर्ज वुड यांना देय होती. दुसरा, क्रम्प यांच्यावरच काढलेल्या 30 पौंडांच्या हुंडीचा. तिसरा, खासदार असल्याचं भासवून पत्रं फुकट पाठवल्याचा. एक बायको असताना दुसरं लग्न केल्याचा आरोप या तिन्हींत नव्हताच. 1795 च्या कायद्यानं त्या गुन्ह्याला सात वर्षं हद्दपारी होती, देहदंड नव्हता.

‘टपालखर्च चुकवला म्हणून फासावर गेला’ ही दुसरी आवृत्तीही तितकीच चुकीची आहे. त्या काळी खासदारानं पाकिटावर स्वतःच्या हातानं तारीख, ठिकाण आणि सही लिहिली की पत्र बिनखर्चाचं जाई. अशी खोटी सही करणं गुन्हाच होता, पण त्यालाही शिक्षा हद्दपारीची. गळ्याशी आली ती हुंडी. हुंडी हातोहात फिरते, सहीवर विश्वास ठेवून अनोळखी माणूस पैसे मोजतो, आणि सहीच खोटी निघाली तर सगळा व्यापार कोसळतो. म्हणून बनावट हुंडीला तेव्हा देहदंड होता. 3 सप्टेंबर 1803 रोजी हॅटफील्डला फाशी झाली. मग गोंधळ कशानं? पाकिटावरच्या त्या सह्यांमुळेच लोकांना तो खरा खासदार वाटला, आणि कवी कोलरिजनं ‘मॉर्निंग पोस्ट’ या वृत्तपत्रात लग्नाची हकिकत छापून गाजवली. लग्न लोकांच्या लक्षात राहिलं, आरोपपत्र विसरलं गेलं.

‘झुरून मेली’ हे साफ खोटं. हॅटफील्डची आधीची बायको जिवंत असल्यानं हे लग्न मुळातच रद्दबातल होतं, त्यामुळे घटस्फोटाचा प्रश्नच नव्हता. 1807 मध्ये मेरीनं रिचर्ड हॅरिसन या शेतकऱ्याशी लग्न केलं. पुढे ती कॉल्डबेक या गावी राहिली, तिला मुलं झाली, आणि तिथल्याच चर्चच्या आवारात तिला पुरलं. हॅटफील्डपासून झालेलं मूल मात्र तान्हेपणीच गेलं. तेव्हा हॅटफील्ड–मेरी अशी जोडी दाखवून खाली नातवंडं लावलेली कुठलीही वंशावळ तिथेच तुटते. मेरीचा वंश शोधायचा तो हॅरिसन आडनावात.

ज्यांना हे स्वतः पडताळायचं आहे त्यांनी ‘होप’ किंवा ‘हॅटफील्ड’ आडनावाच्या मागे लागू नये, ‘रॉबिन्सन’ शोधावं. नुसतं ‘मेरी रॉबिन्सन’ शोधलं तर त्याच नावाची लंडनची नटी समोर येते. ती 1800 मध्येच वारली, पण तिची चित्रं बटरमिअरच्या मेरीची म्हणून खपतात. 1754 ते 1837 या काळातल्या चर्चच्या लग्ननोंदीत वधूवरांची नावं, गाव, सह्या आणि दोन साक्षीदार मिळतात, वडिलांचं नाव नाही. म्हणून एका नोंदीवरून नातं ठरवू नये, साक्षीदारांची आडनावंही टिपून ठेवावीत. बाप्तिस्म्याच्या छापील रकान्यात वडिलांचा धंदा येतो तो 1813 पासून. त्याआधी अमुक माणूस खानावळवालाच होता हे सिद्ध करायचं तर त्या परगण्याच्या क्वार्टर सेशन्सच्या (दर तिमाहीला भरणाऱ्या न्यायालयाच्या) दप्तरातली मद्यपरवान्यांची कागदपत्रं पाहावी लागतात. ती सगळीकडे सलग टिकलेली नाहीत.

मेरीचा सरकारी मृत्यूदाखला मागवण्यात पैसे घालवू नयेत. इंग्लंडात जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली 1 जुलै 1837 ला, आणि मेरी गेली त्याच वर्षी फेब्रुवारीत. तिच्यासाठी कॉल्डबेकच्या चर्चचं दफनपुस्तकच उघडायचं, तेही ‘हॅरिसन’ या नावाखाली. नाव, राहण्याचं ठिकाण, तारीख आणि वय असे त्यात रकाने असतात. वयाचा आकडा दगडावरच्या 58 शी ताडून पाहावा.