पांढऱ्या पडद्यानं झीज भरून येत नाही

ताईनं एका जुन्या टीव्हीसाठी विकणाऱ्याला आधी 2,000 रुपये टोकन पाठवले आणि मग मला फोन केला. ती नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहते. भाऊजी मार्चमध्ये रिटायर झाले आणि घरातला 32 इंची टीव्ही त्यांना आता लहान वाटू लागला. "अरे, तो माणूस म्हणून राहिला, आज टोकन नाही टाकलं तर उद्या दुसरा नेते," ताई म्हणाली. टीव्ही पाहिला का, विचारलं. नव्हता पाहिला. चार फोटो होते, आणि कॉलनीच्या ग्रुपवर आलेला तो मेसेज होता.

मेसेज बऱ्याच जणांकडे पोचला असेल. सुरुवात "नवीन स्वस्त टीव्ही घेऊन फसू नका" अशी आहे. पुढे लिहिलंय की लाख-दीड लाखाचा 7-8 वर्षं जुना टीव्ही 25-30 हजारांत मिळतो, तोच घ्या. ओएलईडी या महागड्या प्रकारच्या पडद्यावर डाग पडतात ही उगाच पसरवलेली भीती आहे, आणि पडलेच तर 2 दिवस पडदा पूर्ण पांढरा ठेवा, निघून जातात. प्लाझ्मा, म्हणजे आता बनत नसलेला जुन्या पद्धतीचा टीव्ही, मिळाला तर सोडूच नका. ॲप चालत नसतील तर मागच्या एचडीएमआयला लावायची स्ट्रीमिंग स्टिक लावा. विजेत काही फरक पडत नाही. कंपनीला 10 वर्षं पार्ट ठेवावेच लागतात, तसा कायदा आहे. आणि शेवटी, चांगला माल थांबत नाही, म्हणून आधी टोकन टाका.

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सची लॅब सांभाळतो, जुने टीव्ही उघडून मुलांना दाखवतो. त्यामुळे हे वाचून डोकं तापलं. ताईचा पैसा गेला म्हणून तर तापलंच, पण त्या पांढऱ्या पडद्याच्या सल्ल्यानं जास्त तापलं. म्हणून आधी तेच घेतो.

ओएलईडीच्या पडद्यामागे वेगळा दिवा नसतो. प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो, आणि जितका जळतो तितका झिजतो. बातम्यांच्या वाहिनीचा लोगो वरच्या कोपऱ्यात आणि खालची लाल पट्टी तासन् तास एकाच जागी असतात. तिथले ठिपके बाकीच्यांपेक्षा जास्त झिजतात आणि अंधूक होतात. मग वाहिनी बदलली तरी त्या पट्टीची सावली मागे राहते. हा डाग म्हणजे पडद्यावर काही चिकटलेलं नव्हे, की पुसलं आणि गेलं. सायकलचा टायर एका जागी झिजला तर तो घासून सारखा करता येईल, पण गेलेलं रबर परत येत नाही. 2 दिवस पूर्ण पांढरा पडदा चालवणं म्हणजे तेच घासणं आहे. सगळे ठिपके 48 तास झिजवायचे, आणि त्यातून कधी फरक थोडा कमी दिसला तर "डाग गेला" म्हणायचं. पडद्याचं आयुष्य तेवढं कमी झालेलं असतं, ते कोणी सांगत नाही.

या सल्ल्याचं मूळ कुठे आहे तेही सांगतो, कारण तो अगदी हवेतून आलेला नाही. प्लाझ्मा टीव्हीत एखादं चित्र फार वेळ राहिलं की त्याची तात्पुरती छाया उरायची आणि चालतं चित्र किंवा पांढरा पडदा लावला की ती ओसरायची. पॅनासॉनिकच्या प्लाझ्मात त्यासाठी पडद्यावरून सरकणारी पांढरी पट्टी मेनूतच दिलेली होती. एवढं खरं. पण तात्पुरती छाया वेगळी आणि झीज वेगळी. प्लाझ्मातही उजेड देणारा लेप, म्हणजे फॉस्फर, एकदा झिजला की पट्टी सरकवून तो भरून येत नव्हता. कोणीतरी प्लाझ्माचं औषध ओएलईडीच्या रोगाला लावलं आणि पुढे पाठवून दिलं.

"भीती पसरवली" म्हणणाऱ्यांसाठी एक चाचणी सांगतो. आरटिंग्स ही कॅनडातली टीव्ही तपासणारी संस्था आहे. तिनं 2018 मध्ये एलजीचे 6 सी7 टीव्ही, म्हणजे 2017 चं मॉडेल, एका रांगेत मांडले. रोज 20 तास, 5 तास चालू आणि 1 तास बंद अशा हिशेबानं ते चालवले आणि प्रत्येकावर ठरावीक गोष्टच लावली. दोघांवर सीएनएन ही बातम्यांची वाहिनी, बाकीच्यांवर एनबीसी वाहिनी, फुटबॉल, आणि फिफा व कॉल ऑफ ड्यूटी हे गेम. सीएनएनच्या ज्या टीव्हीचा ब्राइटनेस पूर्ण वर होता, त्यावर डाग आधी दिसला. हजारो तासांनंतर फुटबॉल आणि फिफावाल्या टीव्हींवरही डाग ठळक झाले, कॉल ऑफ ड्यूटीच्या टीव्हीवर मात्र तसं काही उमटलं नाही. त्यांचा निष्कर्षही सरळ होता: वेगवेगळं पाहणाऱ्याला फारशी काळजी नाही, एकाच जागची चित्रं रोज पाहणाऱ्याला आहे. लाल ठिपके सगळ्यांत लवकर थकतात हेही त्यांच्याच तपासणीत दिसलं होतं, आणि एलजीनं 2018 च्या मॉडेलपासून लाल ठिपक्याचा आकार वाढवला. आता आपल्या मराठी बातम्यांच्या वाहिन्या डोळ्यासमोर आणा. खाली लाल पट्टी, तिच्यावर दुसरी लाल पट्टी, "ब्रेकिंग" लाल. ताईला दाखवलेला टीव्ही 2017 चा होता.

शनिवारी तिला आणि भाऊजींना घेऊन मी तो टीव्ही पाहायला गेलो. पेनड्राइव्हवर साध्या रंगांचे फोटो करून नेले होते: एक गडद राखाडी, एक मधला राखाडी, एक पूर्ण लाल, एक पिवळा. विकणाऱ्यानं आधी समुद्राचा आणि फुलांचा व्हिडिओ लावला, तो झकास दिसला. मग मी राखाडी फोटो लावला. काही क्षण कोणी बोललं नाही. लाल लावला तेव्हा ताईच म्हणाली, "अरे, हे तर बातम्यांचं आहे." खाली पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा मळकट पट्टा होता, वर उजव्या कोपऱ्यात लोगोचा चौकोन, आणि पट्ट्याच्या डाव्या बाजूला एक छोटी चौकट, जिथे वेळ दाखवतात. विचारलं तेव्हा कळलं, टीव्ही एका लॉजच्या रिसेप्शनला होता. सपोर्टच्या मेनूत एकूण चाललेले तास दिसतात, ते 21 हजारांच्या वर निघाले. रोज 5 तास पाहणाऱ्या घराला एवढं करायला 11 वर्षं लागली असती.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांची आहे, ती मेसेजमध्ये नाही आणि विकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. एलजीचे ओएलईडी एकूण 4 तास चालले की रिमोटनं बंद केल्यावर आतल्या आत पडद्याची छोटी दुरुस्ती-फेरी चालवतात. त्यासाठी बोर्डाचं बटन चालू असावं लागतं. भाऊजी रोज रात्री झोपताना टीव्हीचं बटन खटकन बंद करतात. "चालू ठेवलं तर बिल येते ना," असं त्यांचं म्हणणं, आणि विदर्भातल्या निम्म्या घरांत हेच चालतं. ही फेरी झीज भरून काढत नाही, पण ती वर्षानुवर्षं चाललीच नाही तर पडदा लवकर डागाळतो. जुना ओएलईडी घेताना आधीच्या मालकाला हा प्रश्न जरूर विचारा.

आता जे मान्य करावं लागतं ते करतो. मेसेजचं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. 30 हजारांच्या आसपासच्या नव्या 55 इंची टीव्हीच्या खोक्यावर "फोरके एचडीआर" छापलेलं असतं. एचडीआर म्हणजे उजळ आणि गडद भागांतला फरक जास्त दाखवणारं चित्र, पण इथे त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की टीव्ही तो सिग्नल घेतो. दाखवायला लागणारा उजेड त्याच्याकडे नसतो, आणि बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, भागाभागानं मंद करण्याची सोयही नसते, म्हणून रात्रीचं दृश्य राखाडी दिसतं. सोनीचा 2016 चा झेड9डी घ्या. त्यात मागचा उजेड भागाभागानं कमी-जास्त होतो. तो आजही नीट चालत असेल तर आजच्या कितीतरी स्वस्त टीव्हींना चित्रात मागे टाकेल. धडधाकट ओएलईडीचा काळा रंग तर काळाच. चांगला जुना टीव्ही असतो, मला ते मुळीच नाकारायचं नाही. पण त्याची किंमत तो किती तास चालला आणि त्यावर काय चाललं यावर ठरते. नावावर आणि मूळ बिलावर ठरत नाही. नव्याची किंमतही मेसेजमध्ये जुनीच धरलेली दिसते. 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय. त्याआधी करासकट 40,000 ला मिळणारा टीव्ही त्या हिशेबानं साधारण 3,000 नं उतरतो.

प्लाझ्माचं म्हणाल तर मलाही तो आवडायचा. हलतं चित्र त्यात जसं सफाईनं दिसायचं तसं एलसीडीत (आजचे एलईडी टीव्ही त्यातलेच) दिसत नाही. पण पायोनियरनं 2009 मध्येच आपले कुरो नावाचे प्लाझ्मा थांबवले, पॅनासॉनिकनं 2013 च्या अखेरीस प्लाझ्मा बनवणं बंद केलं, सॅमसंग आणि एलजी 2014 मध्ये बाहेर पडले. म्हणजे सगळ्यांत तरुण प्लाझ्माही 10 वर्षांच्या पुढचा आहे. त्याचा बोर्ड गेला तर दुसऱ्या मेलेल्या टीव्हीतून काढावा लागतो. शिवाय त्याच्या आत बंद केल्यावरही काही वेळ जोरदार व्होल्टेज राहतं, त्यामुळे "मागचं झाकण उघडून साफ करा" असले उद्योग घरी करूच नका. आणि तो तापतो. मोठा प्लाझ्मा सहज 300 वॉट खातो. मे महिन्यात नागपुरात 45 च्या पुढे पारा असताना, कूलर दमून गेलेल्या खोलीत ती आणखी एक शेगडी कशाला?

यातच विजेचा मुद्दा निकालात निघतो. 300 वॉटचा टीव्ही रोज 5 तास म्हणजे महिन्याला 45 युनिट. 100 वॉटचा एलईडी तेवढेच तास चालला तर 15. महावितरणच्या दरांत 100 आणि 300 युनिटला टप्पे बदलतात, आणि हे 30 युनिट तुम्हाला पुढच्या टप्प्यात नेऊ शकतात. जुन्या एलईडीला मात्र हे लागू नाही, तिथे खरंच फार फरक पडत नाही.

स्टिकचा सल्ला बरोबर आहे, आणि लागतेच. 2012 पर्यंतच्या बऱ्याच स्मार्ट टीव्हींवरचं यूट्यूब 2015 मध्ये बंद झालं, सॅमसंगच्या 2010-11 च्या काही मॉडेलवर नेटफ्लिक्स 2019 च्या डिसेंबरात थांबलं. फक्त सुरुवातीच्या काही फोरके टीव्हींच्या एचडीएमआयला एचडीसीपी 2.2, म्हणजे फोरके चित्रासाठी लागणारी कॉपीपासून संरक्षणाची सोय, नसते, तिथे स्टिक लावूनही फोरके दिसत नाही. स्टिक सोबत नेऊन तिथेच लावून पाहा.

10 वर्षं पार्ट ठेवण्याचा कायदा आपल्याकडे नाही. युरोपात टीव्हीच्या काही सुट्या भागांसाठी 2021 पासून 7 वर्षांचा नियम आहे, तिकडचं काहीतरी ऐकून हे आलं असावं. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक विभागानं 2022 च्या अखेरीस राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं, तिथे कंपन्या दुरुस्तीची माहिती देतात, 10 वर्षांची सक्ती नाही. प्रत्यक्षात एलईडीच्या बॅकलाइटच्या पट्ट्या, पॉवर बोर्ड, टी-कॉन (पॅनलला चित्राचा सिग्नल देणारा बोर्ड) हे चांगला मेकॅनिक बदलून देतो. चित्र निळसर-जांभळं दिसत असेल तर पट्ट्या जायला लागल्या आहेत असं समजा आणि तेवढे पैसे भावातून कमी करून मागा. पॅनल फुटलं किंवा त्यावर उभी रेघ आली तर मात्र सोडून द्या. नवं पॅनल मिळालंच तरी त्यात अख्ख्या टीव्हीचे पैसे जातात.

भाऊजी सकाळी 7 पासून रात्री जेवणापर्यंत बातम्या लावून बसतात, त्यामुळे त्यांच्यासाठी ओएलईडी नवा असता तरी मी नकोच म्हटलं असतं. एलईडी घ्यायचा ठरलाय, जुना मिळाला तर जुना. ताईच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक 2019 चा आहे, तो आज संध्याकाळी अर्धा तास चालवून पाहणार आहोत. पेनड्राइव्ह ताईनं स्वतःकडेच ठेवलाय.

राहिला टोकनचा मुद्दा. त्या माणसानं शनिवारी आमच्या तोंडावर सांगितलं की टीव्ही नको असेल तर टोकन परत मिळत नाही, "मेसेजमध्ये वाचलं नाही का?" ताईचे 2,000 अजून आलेले नाहीत. मी त्याला रोज सकाळी फोन लावतो, आणि ज्यांनी तो मेसेज कॉलनीच्या ग्रुपवर टाकला त्या काकांनाही हे सगळं जसंच्या तसं पाठवलंय.