७०० किलोमीटर खाली समुद्र नाही, खडक आहे

‘पृथ्वीच्या पोटात ७०० किलोमीटर खोलीवर महासागर सापडला! सगळ्या समुद्रांच्या तिप्पट पाणी!’ निळ्याशार भुयारी समुद्राच्या चित्रासह हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा फिरतो. उन्हाळ्यात त्याला ‘आता पाणीटंचाई मिटणार’ अशी पुस्तीही जोडलेली असते. यामागे एक खरं आणि फार सुंदर संशोधन आहे, पण या मजकुरातून ते ओळखूच येत नाही. म्हणून एकेक दावा घेऊ.

‘महासागर सापडला’

सापडला तो एका हिऱ्यातला कण. ब्राझीलच्या माटो ग्रोसो राज्यात, जुईना भागातल्या नदीच्या वाळूगोट्यांतून निघालेला हा हिरा जेमतेम ०.०९ ग्रॅमचा, मळकट, दागिन्यात बसवण्याजोगा नव्हता. त्याच्या आत मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाएवढा रिंगवूडाइट या खनिजाचा कण अडकलेला होता. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचे ग्रॅहम पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. म्हणजे बातमी ताजीही नाही.

प्रावरणाच्या, म्हणजे कवच आणि गाभा यांमधल्या खडकाच्या जाड थराच्या, वरच्या भागात ऑलिव्हिन हे हिरवट खनिज भरपूर असतं. खोल जाताना दाबाखाली त्याचे अणू अधिक दाटीने रचले जातात, आणि साधारण ५२५ ते ६६० किलोमीटर खोलीवर त्याचं रिंगवूडाइट होतं. या हिऱ्याआधी रिंगवूडाइट उल्कांमध्ये आणि प्रयोगशाळेतच पाहायला मिळालं होतं. पृथ्वीच्या पोटातून आलेला हा पहिलाच नमुना, आणि अवरक्त किरणांखाली त्यात वजनाच्या एक ते दीड टक्का पाणी दिसलं. खरी थक्क करणारी गोष्ट ही आहे.

पण हे पाणी वाहत नाही. तुरटीच्या खड्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणी असतं, तरी खडा हाताला कोरडा लागतो. तव्यावर टाकला की ते पाणी निघून जातं आणि लाही फुलते. रिंगवूडाइटमध्ये तर पाण्याचे अख्खे रेणूही नसतात. मॅग्नेशियम किंवा सिलिकॉनची जागा रिकामी राहते तिथे हायड्रोजन ऑक्सिजनला चिकटून बसतो, एवढंच.

‘समुद्रांच्या तिप्पट’

हा आकडा आला कुठून ते करून पाहता येतं. वरच्या आणि खालच्या प्रावरणामधल्या, ४१० ते ६६० किलोमीटर खोलीवरच्या संक्रमण पट्ट्याचं घनफळ सुमारे १०७ अब्ज घन किलोमीटर आणि वस्तुमान सुमारे ४ × १०^२३ किलो. त्याचा एक टक्का म्हणजे ४ × १०^२१ किलो. जगातल्या समुद्रांचं पाणी सुमारे १.४ × १०^२१ किलो. भागाकार करा, तिपटीच्या आसपास उत्तर येतं.

गणित बरोबर आहे, पण गृहीतक बघा: अख्ख्या पट्ट्यात सगळीकडे एक टक्का पाणी! हिऱ्यातला कण एका ठिकाणचा. त्याच वर्षी ब्रँडन श्मँट आणि स्टीव्हन जेकबसन यांनी अमेरिकेतल्या दोन हजारांहून अधिक भूकंपमापकांच्या नोंदींतून दाखवलं, की ६६० किलोमीटरच्या खाली उतरणारा खडक काही ठिकाणी किंचित वितळतो. रिंगवूडाइट मोडून बनणाऱ्या खनिजात तेवढं पाणी मावत नाही. बाहेर पडलेलं पाणी खडकाचा वितळणबिंदू उतरवतं. पण तो अभ्यास उत्तर अमेरिकेखालचा होता. प्रावरणाच्या विद्युतवाहकतेवरून केलेले अंदाज जागोजागी वेगळे येतात, आणि त्यातले बरेच एक टक्क्याच्या पुष्कळ खाली आहेत.

‘खाली सगळं द्रवच आहे, आपण लाव्हावर तरंगतो’

भूकंपाच्या एस लहरी द्रवातून जात नाहीत. २००१ च्या भूजच्या भूकंपाच्या एस लहरी जर्मनीत नोंदल्या गेल्या. तिथवर पोचताना त्या ६६० किलोमीटरच्याही खाली जाऊन पुन्हा वर आल्या, म्हणजे संक्रमण पट्टा त्यांनी दोनदा ओलांडला. तिथे समुद्र असता तर सुमारे अडीच हजार किलोमीटरच्या पुढे त्या प्रावरणातून पोचल्याच नसत्या. त्या अडतात त्या २,९०० किलोमीटरवर, बाह्य गाभ्याशी. आणि तो गाभा वितळलेल्या लोखंडाचा आहे.

६६० किलोमीटरवर तापमान सुमारे १,६०० अंश सेल्सिअस आणि दाब वातावरणाच्या २.३ लाख पट. इतक्या दाबाने वितळणबिंदू वर जातो, म्हणून खडक तापूनही घनच राहतो. वर्षाला काही सेंटिमीटर सरकतो, तोही घन अवस्थेतच.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०१८ मध्ये काही हिऱ्यांत ‘बर्फ-७’ सापडला, म्हणजे प्रचंड दाबाखाली पाण्याचा होणारा बर्फाचा एक प्रकार. म्हणजे खोल प्रावरणात कुठे कुठे मोकळं पाणीही असतं, पण हिऱ्यात अडकलेल्या सूक्ष्म थेंबांएवढं. मोठा साठा झालाच, तर खडकापेक्षा हलकं असल्यामुळे ते पाणी वर सरकेल आणि वाटेतला खडक वितळवेल. त्याचं तळं होऊन राहणार नाही.

‘खोल बोअर मारलं की झालं’

माणसाने मारलेलं सगळ्यात खोल उभं छिद्र रशियातल्या कोला द्वीपकल्पावर आहे: १२,२६२ मीटर, १९८९ मध्ये गाठलेलं. तिथे अपेक्षित १०० ऐवजी १८० अंश तापमान लागलं, खडक मऊ पडून छिद्र मिटू लागलं आणि काम थांबलं. कोयना परिसरात गोठणे इथे भूकंप अभ्यासासाठी ३ किलोमीटरचं छिद्र घेतलं, तिथे सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट संपल्यावर ग्रॅनाइट आणि नाइस हे कठीण खडक लागले. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ‘खोल विहीर’ म्हणजे ६० मीटरपेक्षा जास्त. संक्रमण पट्ट्याचा तळ त्याच्या ११ हजार पट खोल आहे.

दख्खनच्या बेसॉल्टमध्ये बोअरला लागणारं पाणी पावसाचंच असतं. ते झिजलेल्या मुरमात, लाव्हाथरांच्या सच्छिद्र माथ्यात आणि भेगांत साठतं. खोल जावं तसा वरच्या खडकाच्या भाराने भेगा मिटत जातात. म्हणून २०० फुटांवर कोरडं गेलेलं बोअर आणखी ३०० फूट खाली नेलं, तर बहुतेक वेळा खर्च वाढतो, पाणी नाही.