डोळा लाल नाही, मग दाह कसला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला होणाऱ्या आजारात दाहाचा वाटा काय, या माझ्या लेखावर आपण रावेरहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, तेव्हा ‘दाह’ हा शब्दच चुकीचा. खरोखर दाह असता तर दाहशामक गोळीने आजार थांबला असता. आणि दाहाचे नाव पुढे करून मी रुग्णांना साखरेच्या पथ्यातून पळवाट काढून दिली, असे आपले म्हणणे आहे.

शेवटचा आक्षेप मला मान्य आहे. ‘दाह हेच या आजाराचे मूळ’ हे वाक्य मी सैलपणे लिहिले होते आणि ते आज दुरुस्त केले आहे. मूळ साखरच आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी या अभ्यासात, पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या ज्या रुग्णांचा पडदा सुरुवातीला निर्दोष होता, त्यांची साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्यावर हा आजार उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला.

शब्दाबाबत मात्र मी माघार घेणार नाही. मराठीत दाह म्हटले की आग होणे डोळ्यांसमोर येते, ही अडचण खरीच आहे. चोपड्याकडच्या एका आजींनी मला हेच विचारले होते : ‘डोया दुखत नही, लाल बी नही, मंग सुई कसाले?’ त्यांचा उजवा डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायला सांगितले, तेव्हा डाव्या डोळ्याला तारखांच्या चौकटींच्या रेघा वाकड्या दिसत होत्या. पडद्याच्या मध्यभागी पाणी झिरपून सूज आली होती. सेल्सस या रोमन लेखकाने दाहाची लाली, सूज, उष्णता आणि वेदना अशी चार लक्षणे सांगितली, परंतु पडद्याला वेदना जाणवणाऱ्या नसाच नाहीत आणि तो आरशात दिसतही नाही. त्यामुळे रुग्णाच्या वाट्याला येते ती फक्त सूज, आणि तीही अंधुक दिसण्याच्या रूपाने.

आपण ठिबकाचे उदाहरण दिलेत : पाण्यातल्या क्षारांनी ड्रिपर चोंदला तर आपण ॲसिड सोडतो, नळीला दोष देत नाही. केळीच्या बागेपुरते ते बिनतोड आहे. पण ठिबकाची नळी प्लास्टिकची असते आणि केशवाहिनीची भिंत जिवंत पेशींची असते, आणि माझ्या लेखाचा सगळा भर नेमका या फरकावर होता. साखर दीर्घकाळ चढी राहिली की या पेशी आपल्या पृष्ठभागावर आयकॅम-१ सारखी चिकट प्रथिने वाढवतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे चिकटतात, बारीक वाहिन्यांचा मार्ग अडवतात आणि भिंतीतल्या पेशींनाही इजा करतात. भिंत गळू लागते, पलीकडच्या भागाला प्राणवायू कमी पडतो, मग व्हीईजीएफ हे वाहिन्या गळक्या करणारे प्रथिन वाढते, आणि तेच पुन्हा आयकॅम-१ वाढवून आणखी पांढऱ्या पेशी ओढून आणते. म्हणजे क्षारांनी सुरुवात केली हे खरे, पण पुढे नळी स्वतःच स्वतःला चोंदवू लागली. ठिबकात असे होत नाही, हे आपले भाग्यच!

गोळीचा आपला मुद्दा सर्वांत तोलाचा आहे. संधिवातासाठी सॅलिसिलेट (ॲस्पिरिनच्या गटातले दाहशामक औषध) घेणाऱ्या मधुमेहींमध्ये पडद्याचा आजार कमी दिसतो, असे निरीक्षण १९६४ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये आले होते. पुढे ईटीडीआरएस या मोठ्या चाचणीत ३,७११ रुग्णांपैकी निम्म्यांना रोज ६५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले गेले, आणि १९९१ साली निष्कर्ष आला तो आपल्या बाजूचा : आजाराची वाटचाल बदलली नाही. परंतु यावरून एवढेच सिद्ध होते की त्या मात्रेतले ॲस्पिरिन पुरत नाही. संधिवाताला त्या काळी याच्या कितीतरी पट मात्रा देत असत. उलट, डोळ्यात थेट सोडलेल्या स्टेरॉइडने पडद्याची सूज उतरते, हे आम्ही नेहमी पाहतो. स्टेरॉइड व्हीईजीएफबरोबरच दाहाचे इतर संदेशही दाबते, म्हणून व्हीईजीएफविरोधी इंजेक्शनांना दाद न देणाऱ्या काही डोळ्यांत ते उपयोगी पडते. त्याने मोतीबिंदू होतो आणि डोळ्याचा दाब वाढतो, म्हणून ते सरसकट पहिल्यांदा वापरत नाही.

आपण विचारलेल्या हळदीच्या दुधाबद्दल थोडक्यात : प्यायला हरकत नाही, मात्र हळदीतले करक्युमिन पोटातून रक्तात फारच थोडे उतरते, तेव्हा पडद्यासाठी त्याच्यावर विसंबू नये. मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ‘दाह’ वाचून कोणी दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून रोज घेऊ लागले, तर ज्या मधुमेहीचा पडदा बिघडला आहे त्याची मूत्रपिंडेही बहुधा नाजूक झालेली असतात, आणि या गोळ्या त्यांना आणखी दुखावतात. ही सूचना मूळ लेखात राहून गेली होती. आज जोडली आहे.

आपण शेवटी लिहिले आहे की बारा वर्षांच्या मधुमेहानंतरही आपले डोळे ‘ठणठणीत’ आहेत, कारण गेल्याच महिन्यात चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला. सर, नंबर तपासताना पडदा पाहिला जात नाही. त्यासाठी थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते आणि नंतर चार-पाच तास जवळचे अंधुक दिसते, उन्हाचा त्रास होतो. तेव्हा तपासणीला याल तेव्हा दुचाकी घरी ठेवून रेल्वेने यावे, आणि मुलाला किंवा सूनबाईंना बरोबर आणावे.